गोळी घशाखाली उतरताना

गोळी हा शब्द मराठीत आपल्याला तीन ठिकाणी भेटतो. बंदुकीत, वाण्याच्या बरणीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत. पहिलीला माणूस घाबरतो हे समजण्यासारखं आहे. दुसरीच्या मागे पोरं धावतात. गंमत तिसरीची आहे. लिमलेटच्या पाच-पाच गोळ्या एका बैठकीत फस्त करणारं पोर तापाच्या अर्ध्या गोळीपुढे तोंड घट्ट मिटून बसतं. आणि हे पोरांचंच आहे असं नाही. चांगली मिशीवाली, चार माणसांत दबदबा असलेली माणसं हातात गोळी आणि समोर पाण्याचा पेला घेऊन पाच-पाच मिनिटं नुसती बसलेली मी पाहिली आहेत. पेला रिकामा होतो, गोळी जिभेवर तशीच. मग घरातलं कुणीतरी हसतं आणि म्हणतं, ‘एवढीशी गोळी गिळता येत नाही?’

या हसण्याबद्दलच मला आज बोलायचं आहे. मी वैद्य नाही, हकीम नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्दांच्या मागे फिरता फिरता औषधांच्या इतिहासात शिरलो, तेव्हा असं दिसलं की गोळी न गिळता येणं हा कुणा एकाचा नखरा नाही. साडेतीन हजार वर्षं वैद्य, हकीम, अत्तार, कारागीर आणि रसायनतज्ज्ञ याच एका अडचणीशी झगडत आले आहेत. त्यांनी रोग्याच्या तक्रारीला हसून चालवलं नाही. ती खरी मानली, म्हणून तर आज आपल्या हातात गुळगुळीत, रंगीत, बिनवासाची गोळी आहे.

आधी घशाची बाजू ऐकून घेऊ. आपल्या जिभेला लहानपणापासून एक शिकवण मिळालेली असते. तोंडात कठीण लागलं की ते शोधायचं आणि बाहेर काढायचं. माशाचा काटा, बोराची आठळी, भातातला खडा. कोकणातलं पोर चार-पाच वर्षांचं झालं की बांगड्याचा काटा जिभेनंच वेगळा करतं. घास चावून, लाळेत भिजवून, मऊ लगदा करूनच तो मागे ढकलायचा, हा शरीराचा कायदा. घशाच्या मागच्या भागाला काही कठीण टेकलं की उमासा येतो, तोही याच पहाऱ्याचा भाग. कारण अन्ननलिकेच्या शेजारीच श्वासनलिका आहे आणि वाट चुकली तर जिवावर बेतू शकतं. आता अशा इमानदार पहारेकऱ्याला आपण सांगतो, की हा खडा चावू नकोस, तपासू नकोस, तसाच आत सोड. तो अडून बसला तर त्यात त्याचा काय दोष?

आता इतिहास. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास लिहिलेली एक औषधांची गुंडाळी सापडली आहे. एबर्स पपायरस या नावानं ती ओळखली जाते आणि आज जर्मनीतल्या लाइपझिग शहरात आहे. तीत औषधाच्या गोळ्या आहेत आणि त्या बांधायला मध आहे, पिठाचा उंडा आहे, चरबी आहे. म्हणजे गोळीच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर गोड आणि स्निग्ध असं काहीतरी आहे.

आपल्याकडच्या आयुर्वेदानं तर या विषयाचा स्वतंत्र विचार केला. शार्ङ्गधरसंहितेत गोळ्यांच्या कृतींसाठी वेगळा अध्यायच आहे. गुटिका, वटी, वटक, मोदक अशी गोळीचीच वेगवेगळी नावं. यातला मोदक शब्द पाहा. औषधाला मोदक म्हणणाऱ्या माणसाला रोग्याच्या मनाची जाण नव्हती, असं कोण म्हणेल? याहून मोलाचा शब्द म्हणजे अनुपान. औषध कशाबरोबर घ्यायचं, मधातून, तुपातून, दुधातून की कोमट पाण्यातून, याला वैद्यानं औषधाइतकंच महत्त्व दिलं. अनुपानामुळे औषधाचा गुण वाढतो, असा त्यामागचा विचार. पण घशाचीही सोय त्यात आपोआप होत होती.

आणि मग आपली मात्रा. वैद्य छोटीशी, दगडासारखी कठीण मात्रा द्यायचा. ती गिळायची नाही. सहाणेवर किंवा खलात उगाळायची आणि मधाबरोबर चाटवायची. हेमगर्भाची मात्रा तर अखेरच्या घटकेला, रोग्याला गिळण्याचं त्राण उरलं नसताना, उगाळून जिभेला लावत. बाळगुटीचंही तसंच. हरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, एकेकाचे मोजके वेढे सहाणेवर द्यायचे आणि बाळाला चाटवायचं. म्हणजे ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी गोळीनंच आपलं रूप बदलायचं, ही समजूत आपल्या घराघरात होती. ‘मात्रा लागू पडली’, ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ हे वाक्प्रचार तिथूनच आले. मला या शब्दाचं विशेष प्रेम आहे. वैद्याला मात्रा मोजावी लागते आणि कवीलाही. दोघांचीही एखादी जास्त झाली की बिघडतं.

युनानी वैद्यकात गोळीला हब्ब म्हणतात. हब्ब म्हणजे दाणा. चपट्या वडीला कुर्स म्हणतात, म्हणजे चकती. पण हकिमाच्या दुकानात गोळीपेक्षा जास्त जागा माजून, खमीरा, शरबत आणि चाटणांनी व्यापलेली असते. आमच्या दादी हकिमाकडून आल्या की बरणीतला खमीरा चमच्यानं खायच्या आणि आम्ही मुलं ते औषध आहे हे माहीत असून त्यांच्याभोवती रेंगाळायचो. औषधाभोवती मुलं रेंगाळतात, याहून मोठं प्रशस्तिपत्रक हकिमाला काय हवं?

गोळीचा कडूपणा झाकण्याचे दोन मोठे उपाय याच परंपरेच्या नावावर सांगितले जातात. नववं-दहावं शतक गाजवणारे इराणमधले हकीम अल्-राझी यांनी गोळीवर इसबगोलाच्या बुळबुळीत चिकाचा थर दिला, असं औषधशास्त्राचे इतिहासकार सांगतात. इसबगोल आपल्याला पोटासाठी माहीत. हा शब्द फार्सी आहे. अस्प म्हणजे घोडा, गोल म्हणजे कान. त्याचं बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून हे नाव. ते पाण्यात भिजलं की किती निसरडं होतं हे आपण जाणतोच. ज्या गोष्टीमुळे पोटातली वाट सोपी होते, तिनंच घशातलीही वाट सोपी केली.

दुसरा उपाय वर्खाचा. त्याचं श्रेय इब्न सिना यांना देतात. जन्म ९८० साली बुखाऱ्याजवळ, मृत्यू १०३७ साली हमदानमध्ये. त्यांचा ‘अल्-कानून’ हा वैद्यकग्रंथ युरोपातही कित्येक शतकं अभ्यासला गेला. गोळीला सोन्याचा किंवा चांदीचा वर्ख लावण्याची कल्पना त्यांची मानली जाते. मिठाईवरचा वर्ख आपण रोज पाहतो, पण तो औषधावर चढला होता हे विसरतो. वर्ख लावला की चव लागत नाही, वास येत नाही आणि गोळी हाताला चिकटत नाही. पुढे युरोपातल्या औषधविक्यांनीही ही रीत उचलली. लाकडी गोल डबीत ओलसर गोळ्या आणि वर्ख घालून ती गरगर फिरवायची, की गोळ्या चकचकीत होऊन बाहेर. पण त्यात एक खोट होती. वर्ख घट्ट बसला तर गोळी पोटातही विरघळायची नाही. आली तशी निघून जायची. रोग्याला सोन्याची गोळी मिळायची, गुण मात्र नाही.

इथं मला थोडं माझ्या धंद्याचं बोलू द्या. याच इब्न सिनांनी वैद्यकावर एक दीर्घ काव्यही लिहिलं आहे, तेराशेच्या आसपास ओळींचं. विद्यार्थ्यांच्या तोंडी बसावं म्हणून वैद्यकाचे नियम पद्यात. त्यांच्याही हजारएक वर्षं आधी लुक्रेशियस हा रोमन कवी होऊन गेला. आपलं अवघड तत्त्वज्ञान आपण कवितेत का सांगतो, याचं उत्तर देताना त्यानं दाखला दिला तो औषधाचा. मुलांना कडू काढा देताना वैद्य जसा पेल्याच्या काठाला मध लावतो, तसा मी कवितेचा मध लावतो, अशा अर्थाचं तो सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्येही मूल काढ्यापुढे तोंड मिटून बसत होतं आणि वैद्याला मधाची वाट धरावी लागत होती. कवीला ते दिसलं, म्हणून आपल्याला कळलं.

युरोपच्या इतिहासात एक गोळी अशीही आहे की ती एकदा गिळून संपायची नाही. अँटिमनी या धातूची ती गोळी. पोट साफ करायला ती गिळायची, बाहेर पडली की धुऊन जपून ठेवायची, पुन्हा लागली तर पुन्हा गिळायची. घरातल्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या चालायची, म्हणून तिला अक्षय गोळी म्हणत. हे ऐकल्यावर आपल्या कडू गोळीबद्दल कुणाची फारशी तक्रार राहू नये!

एकोणिसावं शतक उजाडलं आणि गोळीचं नशीब पालटलं. सुरुवात पॅरिसमध्ये झाली. कोपैबा नावाचा एक झाडाचा चीक त्या काळी गुप्तरोगावर देत. त्याची चव आणि वास इतके किळसवाणे की रोगी रोग परवडला म्हणत. १८३४ साली मोथ या औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आणि द्युब्लांक या औषधविक्यानं मिळून जिलेटिनच्या कॅप्सूलचं पेटंट घेतलं. पारा भरलेली चामड्याची लहानशी पिशवी जिलेटिनच्या द्रावात बुडवायची, थर सुकला की पारा काढून पिशवी ओढून घ्यायची. उरलेल्या पोकळ थेंबात औषध भरायचं आणि तोंड जिलेटिननंच बंद करायचं. पुढे १८४६ साली लेह्युबी या दुसऱ्या फ्रेंच माणसानं एकात एक बसणाऱ्या दोन टोप्यांची कॅप्सूल आणली. आज आपण पाहतो ती तीच.

कॅप्सूलनं घशाचा प्रश्न सोडवला आणि मनाचा एक नवा प्रश्न उभा केला. जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यातून. कुठल्या जनावराच्या? मुसलमानाला डुकराची शंका, हिंदूला गाईची, जैन आणि शाकाहारी माणसाला तर सगळ्याचीच. आमच्या मोहल्ल्यात कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्याबरोबर घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि जैन मित्राच्या घरीही हेच चाललेलं पाहिलं आहे. जीव वाचवण्याची गरज असेल तेव्हा निषिद्धाचीही मुभा आहे, हे तत्त्व इस्लामी धर्मशास्त्रात आहे. १९९५ साली कुवेतमध्ये भरलेल्या एका परिषदेत वैद्य आणि धर्मपंडित एकत्र बसले. जिलेटिन बनताना मूळ पदार्थ पुरता पालटतो, म्हणून ते चालेल, असं मत तिथं मांडलं गेलं. सगळ्यांनाच ते पटलं असं नाही. आता वनस्पतींपासून बनलेल्या कॅप्सूलही मिळतात. मी एवढंच म्हणेन की घशात अडकणारी गोष्ट नेहमी गोळीच असते असं नाही. कधी कधी ती शंका असते. डॉक्टरांना ती मोकळेपणानं सांगितली तर बहुतेक वेळा वाट निघते. न सांगता कॅप्सूल उघडली तर मात्र औषध वाया जाऊ शकतं. का, ते पुढे येईल.

आज आपण जिला टॅब्लेट म्हणतो तिचा जन्म मात्र औषधाच्या दुकानात झाला नाही. तो झाला शिसपेन्सिलीच्या ध्यासातून. विल्यम ब्रॉकडन हा इंग्लंडमधल्या घड्याळजीचा मुलगा, पेशानं चित्रकार. त्या काळी इंग्लंडमध्ये कंबरलंडच्या खाणीत पेन्सिलीसाठी लागणारं शुद्ध ग्रॅफाइट मिळायचं, पण मोठे तुकडे संपत चालले होते. उरला होता भुगा. तो साच्यात घालून जबरदस्त दाबला तर पुन्हा अखंड वडी होईल का, असा विचार ब्रॉकडननं केला. ती झाली. मग त्याच्या लक्षात आलं की ग्रॅफाइटचा भुगा दाबता येतो तशी औषधाची पूडही दाबता येईल. १८४३ साली त्यानं पेटंट घेतलं ते गोळ्या आणि ग्रॅफाइट या दोघांचं एकत्र. ज्या युक्तीनं माझ्यासारख्याच्या हातात पेन्सिल राहिली, तिनंच जगाच्या तोंडात टॅब्लेट ठेवली. तोवर औषधविके फळीवर गोळ्या वळत होते, जसे आपण लाडू वळतो. आता एकसारख्या वजनाच्या वड्या यंत्रातून पडू लागल्या.

लंडनमध्ये १८८० साली बरोज आणि वेलकम या दोन अमेरिकनांनी कंपनी काढली आणि या दाबलेल्या वड्यांचा मोठा व्यापार उभा केला. त्यांनी आपल्या मालासाठी १८८४ साली एक नवा शब्द नोंदवला, टॅब्लॉइड. थोडक्या जागेत दाबून बसवलेलं, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला. पुढे १९०१ साली वर्षाच्या पहिल्याच दिवशी आल्फ्रेड हार्म्सवर्थ या संपादकानं न्यूयॉर्कमध्ये लहान आकाराचा, आटोपशीर बातम्यांचा अंक काढला आणि त्याला टॅब्लॉइड म्हटलं. म्हणजे वाचकहो, वर्तमानपत्राच्या दुनियेतला हा शब्द औषधाच्या डबीतून आलेला आहे. आता काही बातम्या घशाखाली उतरत नाहीत, तो वेगळा विषय.

याच सुमाराला अमेरिकेत मिशिगनमध्ये अपजॉन नावाचे डॉक्टर होते. त्या वेळच्या गोळ्या सुकून इतक्या कडक व्हायच्या की पोटातून तशाच निघून जायच्या. अपजॉननी बोटानं चुरा होईल अशी गोळी बनवली आणि १८८५ साली तिचं पेटंट मिळवलं. आपल्या जाहिरातीत त्यांनी अंगठ्याखाली चिरडलेली गोळी दाखवली. आणि दुसऱ्यांच्या गोळ्या? त्या लाकडाच्या फळीत हातोडीनं ठोकून दाखवल्या. फळीत शिरल्या, पण फुटल्या नाहीत!

तोवर साखरेचा थर आला होता. फिरत्या कढईत गोळ्या घालून पाकाचे थरावर थर चढवायचे, जसा आपल्याकडे हलवा फुलवतात तसे. त्यात दिवस जायचे आणि गोळी फुगायची. १९५० च्या दशकात साखरेऐवजी अगदी पातळ आवरण देण्याची पद्धत आली, तेव्हा गोळी पुन्हा सडपातळ झाली. पण दरम्यान आवरणाचं कामच बदललं होतं. १८८४ साली उन्ना या जर्मन डॉक्टरांनी गोळीवर केराटिनचा थर दिला, तो चव झाकायला नव्हे. गोळी जठरात विरघळू नये, पुढे आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून. आज कितीतरी गोळ्या अशा आहेत. काही दिवसभर थोडंथोडं औषध सोडतात. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतात ती हेच सांगतात. अशी गोळी कुटली किंवा कॅप्सूल उघडून पूड घेतली, की बारा तासांचं औषध एकाच वेळी अंगावर येतं, नाहीतर जठरातच नासतं. म्हणून आपल्या आजीची सहाण प्रत्येक गोळीला चालत नाही. गोळी मोडायची की नाही, हे औषधवाल्याला विचारूनच ठरवायचं.

आपल्या देशातली गोष्ट निराळ्याच वाटेनं गेली. हिवतापावर क्विनीन हेच तेव्हाचं औषध. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी ते कोयनेल होतं आणि कोयनेल म्हणजे कडूपणाचा शेवटचा शब्द. १८९२ पासून बंगालमध्ये सरकारनं टपाल कचेऱ्यांतून एक पैशाला क्विनीनची पुडी विकायला काढली. पत्र टाकायला जायचं आणि औषध घेऊन यायचं. औषध गरिबाच्या दारापर्यंत आलं. दारापासून घशापर्यंतचं अंतर मात्र त्या कडू पुडीला स्वतःच कापावं लागत होतं. पुढेही कितीतरी वर्षं आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत पुड्या आणि मिक्श्चरचंच राज्य होतं. कंपाउंडर बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एकेक दात म्हणजे एकेक डोस.

गिळण्याचा प्रश्न किती मोठा आहे, हे खऱ्या अर्थानं दाखवलं ते क्षयानं. १९४० च्या दशकात क्षयावर औषधं निघाली. त्यातलं एक होतं पीएएस. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास घ्यायचं, तेही वर्ष-वर्षभर. पोटात मळमळ, तोंडाला चव नाही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांसाठी केंद्र सुरू झालं. आजची चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तिथं एक साधा, पण त्या काळी धाडसी प्रश्न विचारला गेला. गरीब रोग्याला सॅनिटोरियममध्ये न ठेवता, त्याच्या दाटीवाटीच्या घरातच औषधं दिली तर तो बरा होईल का? १९३ रोगी घेतले. काही घरी, काही सॅनिटोरियममध्ये. १९५९ साली निष्कर्ष आले. घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. चांगलं अन्न, मोकळी हवा, विश्रांती यांपेक्षा औषध नियमित पोटात जाणं मोलाचं ठरलं.

पण ते जातं की नाही हे कसं कळणार? म्हणून तिथले कर्मचारी न सांगता घरी जायचे, उरलेलं औषध मोजायचे, लघवी तपासायचे. तेव्हा लक्षात आलं की रोगी खोटारडा नसतो, तो थकलेला असतो. बरं वाटायला लागल्यावर रोज इतकं सारं घशाखाली ढकलणं माणसाला जमत नाही. यातूनच पुढे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, आरोग्यसेवकाच्या समोर औषध घ्यायची पद्धत मद्रासमध्ये तपासली गेली. १९९७ साली आपल्या देशात सुरू झालेल्या डॉट्सचं मूळ इथं आहे.

डॉट्समध्ये नव्या रोग्याला पहिले दोन महिने एक दिवसाआड एका वेळी सात गोळ्या घ्याव्या लागत. आमच्या भागातल्या एका यंत्रमाग कामगाराबरोबर मी काही दिवस त्या केंद्रावर जायचो. रात्रपाळी करून आलेला, डोळे तारवटलेले. पुढ्यात सात गोळ्या. पहिल्या दोन जायच्या, तिसरीला उमासा. तिथं एक ताई होत्या. रांग मोठी असायची, तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही. ‘एकेक करून घ्या दादा. मी थांबते.’ इतकंच म्हणायच्या. तो बरा झाला, आजही माग चालवतो. औषधांनी बरा झाला हे खरंच. पण ती औषधं त्याच्या पोटात गेली ती त्या ‘मी थांबते’मुळे.

२०१७ पासून देशभर रोज घ्यायच्या एकत्रित गोळ्या आल्या. चार औषधं एकाच गोळीत. पहिल्या टप्प्यात दिवसाला मोजक्याच गोळ्या. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या, फळांच्या स्वादाच्या गोळ्या निघाल्या. तोवर कित्येक आया मोठ्यांच्या गोळ्या मोडून, कुटून, अंदाजानं पोरांना भरवत होत्या. इतकी साधी गोष्ट यायला इतका वेळ का लागला, असा प्रश्न मला पडतो. कदाचित पोराच्या तोंड मिटण्याला आपण हट्टच समजत राहिलो, म्हणून.

आता ज्यांच्या घरात रोज हा प्रसंग आहे, त्यांच्यासाठी थोडं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार आपल्या देशात मधुमेहाचेच दहा कोटींवर रुग्ण आहेत. त्यात रक्तदाब, थायरॉइड, कॅल्शियम. म्हाताऱ्या माणसांची लाळ कमी झालेली असते आणि गोळ्या वाढलेल्या असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ साली कंपन्यांना सुचवलं, की गोळीची लांबी २२ मिलिमीटरच्या वर नेऊ नका. म्हणजे आकार हाही सरकारनं लक्ष घालावं इतका गंभीर मामला आहे.

जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१४ साली दीडशेच्या आसपास माणसांवर दोन युक्त्या करून पाहिल्या. पहिली, गोळीसाठी. प्लॅस्टिकची मऊ बाटली पाण्यानं भरायची, गोळी जिभेवर ठेवायची, बाटलीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि मान थोडी मागे करून पाणी ओढून घ्यायचं. हवा आत जाऊ द्यायची नाही, बाटली चेपली पाहिजे. त्या ओघाबरोबर गोळी जाते. सुमारे साठ टक्के वेळा लोकांना हे सोपं वाटलं. दुसरी, कॅप्सूलसाठी. कॅप्सूल पाण्यापेक्षा हलकी, ती तोंडात तरंगते. आपण सवयीनं मान मागे टाकतो आणि ती पुढे दातांकडे येते. म्हणून उलट करायचं. कॅप्सूल जिभेवर, पाण्याचा घोट तोंडात, हनुवटी छातीकडे आणि वाकूनच गिळायचं. जवळजवळ ८९ टक्के वेळा ते सोपं गेलं.

बाकी घरगुती शहाणपण आहेच. आधी एक घोट पाणी पिऊन घसा ओला करा. गोळ्यांचा मूठभर घाणा एकदम टाकू नका. केळ्याच्या किंवा शिऱ्याच्या घासात गोळी चांगली जाते, पण हे अनुपानही विचारून. काही प्रतिजैविकं दुधाबरोबर घेतली तर लागू पडत नाहीत, लोहाच्या गोळीला चहा चालत नाही, थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच. आणि गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नका. ती अन्ननलिकेत चिकटली तर तिथं जखम होते. हाडांच्या एका औषधाला तर पेलाभर पाणी आणि अर्धा तास ताठ बसणं सक्तीचंच आहे. रमजानमध्ये सहेरीला घाईघाईनं गोळ्या घेऊन पुन्हा अंथरुणात शिरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात पाणी पितानाही ठसका लागत असेल, तर युक्त्या नकोत. सरळ डॉक्टरांना सांगावं. पातळ औषध असतं, जिभेवर विरघळणारी गोळी असते, लहान आकाराची असते. पण न सांगता ती मिळत नाही.

अडचण आहे ती इथंच. माणसं सांगत नाहीत. लाजतात. गोळी उशाखाली सरकवतात, कुंडीत टाकतात आणि विचारलं की ‘घेतली’ म्हणतात. मग साखर उतरत नाही, दाब उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात आणि गोळी आणखी मोठी होते. उद्या तुमच्या घरात कुणी हातात गोळी घेऊन नुसतं बसलेलं दिसलं, तर हसू नका. जवळ बसा, पेला पुन्हा भरून द्या आणि विचारा, ‘कुठली अडते?’ आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ते चिठ्ठीच्या मागे लिहून न्या.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)